वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं?

पत्र: "ताई, मी वडशाजवळच्या एका गावातली. बारावी आर्ट्सला ७८ टक्के मिळाले. माझे बाबा बावीस वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवतात, एरवी दोन एकर धानाची शेती. सात वर्षांची होते तेव्हापासून मी नाटकात लहान मुलांची कामं करायचे, आता मोठीही करते. मला नाटकच करायचंय, पण इतिहास, मानसशास्त्र, भाषा हेही शिकावंसं वाटतं. आमचे सर म्हणतात, पुण्याला ललित कला केंद्रात जा. मामा म्हणतात, नागपूरला बी. ए. कर आणि मग बी. एड. मावसभाऊ म्हणतो, मुंबईला ये, काम तिथंच आहे. एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतो. तिथं 'लिबरल आर्ट्स' आहे, थोडी शिष्यवृत्ती देऊ, बाकीचं कर्ज काढा म्हणतात. आई म्हणते, तुझं तू ठरव. बाबा काहीच बोलत नाहीत. मी कुठलं कॉलेज घेऊ? माझं नाव छापू नका."

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दर वर्षी निकाल लागले की नाटकाचं वेड लागलेल्या मुलामुलींची पत्रं येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं? तुझा प्रश्नही वरवर तोच आहे. पण तू वडशाची आहेस आणि बावीस वर्षं ऑर्गनवर बसलेल्या माणसाची मुलगी आहेस. त्यामुळे इतरांना देते ते उत्तर तुला देऊन भागणार नाही.

आधी एक काम सांगते. ज्या ज्या कॉलेजचा विचार करते आहेस तिथं फोन कर आणि पहिला प्रश्न हा विचार: मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री किती वाजता बंद होतं? नाटकाच्या तालमीसाठी उशिरा यायची परवानगी मिळते का, ती कोण देतं, लेखी देतं का? प्राध्यापक कोण, निकाल किती टक्के, करंडक किती जिंकले, हे सगळं त्यानंतर.

हे मी अनुभवातून सांगते आहे. १९८६ मध्ये मी अकोल्याहून पुण्याला शिकायला आले. कॉलेज चांगलं होतं, प्राध्यापक उत्तम होते. दुसऱ्या वर्षी आमच्या एकांकिकेत मला एका म्हातारीचं काम मिळालं. तास संपून सगळे जमेपर्यंत सहा वाजायचे आणि तालीम साडेदहापर्यंत चालायची. माझ्या वसतिगृहाचं फाटक आठला बंद व्हायचं. पहिले काही दिवस मी साडेसातला निघायचे आणि माझ्या जागी कुणीतरी नुसती वाक्यं वाचायचं. अकराव्या दिवशी ते काम नारायण पेठेत घर असलेल्या एका मुलीकडे गेलं. दिग्दर्शकाचं काही चुकलं नव्हतं. रेक्टरबाईही दुष्ट नव्हत्या, त्यांच्यावर चाळीस मुलींची जबाबदारी होती. मला प्रॉपर्टीचं काम मिळालं. चारला येऊन कंदील, तांब्या, काठी, गोधडी मोजायची आणि साडेसातला निघायचं. मी ते मन लावून केलं, पण म्हातारी गेली ती गेलीच. प्रवेशाचा फॉर्म भरताना फाटकाची वेळ विचारायला हवी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून तुला सांगते.

शहरात शिकायला जायचं ते दुपारी चारनंतरच्या शहरासाठी. इतिहासाचा तास गडचिरोलीतही होतो आणि शिकवणारे जीव तोडून शिकवतात. पण तास संपल्यावर चालत जाऊन शंभर-दोनशे माणसांच्या सभागृहात एखादं नवं, अर्धंकच्चं, धाडसी नाटक बघावं, परत येताना त्यावर मैत्रिणीशी भांडावं आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाटकाच्या नेपथ्याच्या लेव्हल (लाकडी चौथरे) उचलायला जावं, हे मोठ्या शहरातच होतं. ही संध्याकाळ हाती लागत नसेल तर शहरातल्या कॉलेजसाठी घर सोडण्यात अर्थ नाही.

म्हणून नकाशा घेऊन बसायचं. पुण्याचंच बघ. टिळक रस्त्यावर एस. पी. कॉलेज आहे, तिथून टिळक स्मारक मंदिर जवळच आणि सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिरही पायी जाण्यासारखं. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच. फर्ग्युसनमधून निघालीस तर जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर जवळ. पेठांच्या या टापूत राहणाऱ्या मुलीला रिक्षाचे पैसे न मोजता आठवड्यात दोन प्रयोग बघता येतात. ज्यांच्याकडे स्कूटर आहे, त्यांना या गोष्टीची किंमत कळत नाही. तुझ्याकडे स्कूटर नाही, म्हणून तुझ्यासाठी ही गोष्ट प्राध्यापकांच्या यादीपेक्षा मोठी.

आता मुख्य प्रश्न. नाटकाचीच पदवी घ्यायची, की दुसरा विषय घेऊन नाटक करायचं?

तुझ्या सरांनी सुचवलेलं ललित कला केंद्र ही खरोखर मोठी जागा आहे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ते सुरू झालं. नाटक, संगीत आणि नृत्य तिथं गुरुकुल पद्धतीनं शिकवतात. बारावीनंतर नाटकात बी. ए. करता येतं, पुढे एम. ए. सुद्धा. अभिनयाबरोबर दिग्दर्शन, प्रकाश, नेपथ्य, रंगभूमीचा इतिहास असं सगळं हाताखालून जातं. अंगणमंचावर विद्यार्थ्यांचे प्रयोग होतात, आणि ते बघायला गावातली नाटकवाली मंडळी आवर्जून जातात. तीन वर्षं सकाळपासून रात्रीपर्यंत नाटकच, अशी चैन पुन्हा आयुष्यात मिळत नाही.

तरीही तुला मी आज तिकडे जा म्हणणार नाही. कोथरूडच्या एखाद्या डॉक्टरांच्या घरातली, कधी रंगमंचावर पाय न ठेवलेली मुलगी असती तर तिला सांगितलं असतं, डोळे मिटून जा. तुझं उलटं आहे. तू अकरा वर्षं नाटकात आहेस. दिवाळी झाली की मंडईच्या (जत्रेच्या) गावात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात, रात्री दहाला पडदा उघडायचा आणि पहाटेपर्यंत हजारो लोकांना थंडीत जागेवर बसवून ठेवायचं, हे तू केलं आहेस. प्रॉम्प्टर चुकला, लाइट गेली, पुढच्या गावाला निघायला टेम्पो उशिरा आला, या सगळ्यातून तू गेली आहेस. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा हे पुण्यातल्या बऱ्याच मुलांना दुसऱ्या वर्षात कळतं. तुला ते दहाव्या वर्षी कळलं असणार.

तुझ्याकडे काय नाही, हे तूच पत्रात लिहिलं आहेस. इतिहास, मानसशास्त्र, भाषा. जे गावात मिळालं नाही ते आधी घे.

मराठी रंगभूमीचा इतिहासही माझ्या बाजूनं उभा आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकले, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करत नाटकं लिहीत राहिले, आणि १९९६ पासून बरीच वर्षं त्यांनीच ललित कला केंद्र सांभाळलं. तुझ्याच विदर्भातले महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवायचे. या माणसांना दुसरा विषय नाटकाच्या आड आला नाही. माणूस कसा आजारी पडतो, कसा खोटं बोलतो, कशाला घाबरतो, हे त्यांनी वर्गात आणि दवाखान्यात पाहिलं आणि ते रंगमंचावर आलं.

पुढचा रस्ताही पदवीवरूनच जातो. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये सुरू झालं. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि निवड झालेल्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी तिथंच शिकल्या. मुंबई विद्यापीठाची कलिना इथली नाट्यकला अकादमी २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या पुढाकारानं सुरू झाली, तिथंही पदवीनंतर एम. ए. आहे. म्हणजे विसाव्या-एकविसाव्या वर्षी, थोडं वाचून, थोडं जग बघून, पूर्ण वेळ नाटकाकडे वळायला तीन दारं उघडी असतील: पुणे, मुंबई, दिल्ली. या ठिकाणी नाटकात काम केल्याचे पुरावे विचारतात. म्हणून आजपासून एक फाइल कर. झाडीपट्टीतल्या प्रत्येक नाटकाची जाहिरात, ज्या पोस्टरवर तुझं नाव आहे ते पोस्टर, एखादं वर्तमानपत्राचं कात्रण, फोटो, सगळं तारखेसकट. आतापर्यंतचं आईच्या ट्रंकेत असेल तर आजच बाहेर काढ.

ललित कला केंद्राची प्रवेशप्रक्रिया मात्र जरूर दे. परीक्षकांसमोर उभं राहण्याचा अनुभव येईल आणि जागा डोळ्यांनी बघून होईल. निवड झाली, राहायची सोय पक्की झाली आणि तिथं पाय ठेवल्यावर तुझ्या पोटातून 'हेच' असं आलं, तर माझं ऐकू नकोस. खरंच सांगते.

बी. ए. म्हणजे काय घ्यायचं? 'लिबरल आर्ट्स' या शब्दानं तू दबून गेल्यासारखी वाटलीस. त्यात गूढ काही नाही. एकाच विषयाच्या चरकात न जाता साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, थोडं विज्ञान, थोडी कला असं एकमेकांशी जोडून शिकायचं, एवढाच त्याचा अर्थ. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या साध्या कॉलेजांतही त्यातलं बरंच आलं आहे. २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत एक मुख्य विषय, त्याला जोडून एक दुय्यम विषय आणि शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषय अशी रचना आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. कागदावर हे सगळीकडे सारखं दिसतं, पण प्रत्यक्षात कॉलेजकडे जेवढे शिक्षक तेवढेच विषय. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचार: इतिहास मुख्य घेतला तर दुय्यम म्हणून मानसशास्त्र खरंच मिळतं का, की वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी येतात?

मला विचारशील तर मुख्य विषय इतिहास किंवा मराठी घे, जोडीला मानसशास्त्र. आणि इंग्रजी सोडू नकोस. तू लिहिलं नाहीस, पण मुलाखतीत इंग्रजीत बोलावं लागेल ही भीती तुझ्या मनात असणार. बोलायची घाई नको, वाचायची सवय लाव. रोज दोन पानं, शब्दकोश मांडीवर. जगातली बरीचशी नाटकं आपल्यापर्यंत इंग्रजीतून पोचतात, आणि तीन वर्षांत ती वाचता आली तर तुझ्या हाती मोठा खजिना लागेल.

खासगी विद्यापीठाचा फोन. पुण्याजवळ, दिल्लीजवळ अशी विद्यापीठं आहेत आणि त्यातल्या काहींमध्ये शिक्षण खरंच चांगलं आहे. छोटे वर्ग, भरलेलं ग्रंथालय, मोकळी चर्चा. ज्यांच्या घरी झेपतं त्यांनी जावं. पण फी वर्षाला लाखांत असते, आणि यातली काही संकुलं शहराच्या बाहेर डोंगरात किंवा शेतात उभी आहेत. तिथून संध्याकाळचं नाटक गाठायला गाडी लागते. आता आकडा बघ. शिष्यवृत्ती वजा जाता दहा लाखांचं कर्ज काढलंस, व्याज दहा टक्के आणि मुदत दहा वर्षं धरली, तर महिन्याला सुमारे १३ हजार २०० रुपयांचा हप्ता येतो. नाटकातली मुलगी पहिली पाचसहा वर्षं एका नाइटवर (एका प्रयोगाच्या मानधनावर), एका मालिकेतल्या चार दिवसांवर, एखाद्या शाळेतल्या नाट्यशिबिरावर जगते. दर महिन्याच्या पाच तारखेला तेरा हजार भरायचे असतील तर ती 'नाही' म्हणू शकत नाही. नको ती मालिका करते, नको त्या माणसाबरोबर काम करते. तरुण कलाकाराकडे 'नाही' म्हणायची ताकद हवी, आणि ती कर्ज नसलं की येते. पूर्ण शिष्यवृत्ती, राहण्याजेवणासकट आणि सगळ्या वर्षांची लेखी देत असतील तर मला पुन्हा पत्र लिही. नाहीतर फोन घेणं बंद कर.

अनुदानित कॉलेजात बी. ए. ची फी त्या मानानं फारच कमी असते. खर्च होतो तो राहण्याखाण्याचा. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि तुमच्या प्रवर्गाला लागू असलेल्या इतर योजना बघ. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, प्रवेशाच्या गर्दीत तो मिळत नाही. पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय करते, तिथं अर्ज कर. तिथले नियम, फाटकाची वेळसुद्धा, नीट विचारून घे. पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोज थोडे तास काम मिळतं. ग्रंथालयातलं काम मिळालं तर सोडू नकोस.

मावसभाऊ म्हणतो, काम मुंबईत आहे. बरोबर आहे त्याचं. व्यावसायिक नाटक, मालिका, डबिंग, सगळं तिथं. कॉलेजचं नाटकही जोरात. रुईया आणि रुपारेल ही दोन्ही माटुंग्याच्या परिसरात, यशवंत नाट्य मंदिर तिथंच, दादरचं शिवाजी मंदिर एका स्टेशनवर. लोकल मध्यरात्रीनंतरही काही वेळ चालते, त्यामुळे तालमीनंतर घरी पोचता येतं. पण घर माटुंग्यात नसतं. ते डोंबिवलीच्या पलीकडे किंवा विरारला असतं. कॉलेज, तालीम आणि रोजचा तीन तासांचा प्रवास यात वाचन पहिलं मरतं. भावाच्या घरी राहणार असशील तर त्याच्या घरापासून कॉलेजपर्यंतचा वेळ मोज, सकाळी आठच्या गर्दीत मोज. माझ्या मते मुंबई तुला एकविसाव्या वर्षी हवी, अठराव्या नाही.

नागपूरकडे तू नाक मुरडलंस असं वाटलं. मामांनी बी. एड. जोडलं म्हणून असेल. नागपूर हे लहान शहर नाही. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आहे, मुलींसाठी एल. ए. डी. आहे, हौशी रंगभूमी जिवंत आहे, राज्य नाट्य स्पर्धेत तिथल्या संस्था वर्षानुवर्षं उतरतात. मुख्य म्हणजे शनिवारी निघून तू घरी पोचू शकतेस, आणि सीझनमध्ये एखादं नाटक करून सोमवारी तासाला बसू शकतेस. तो पैसा तुझा असेल. म्हणून माझा क्रम असा: पुण्यात पेठांच्या टापूतलं अनुदानित कॉलेज आणि तालमीची परवानगी देणारं वसतिगृह, दोन्ही एकत्र मिळालं तर पुणे. यातलं वसतिगृह मिळालं नाही तर नागपूर, आणि अजिबात कष्टी न होता नागपूर. कुणाच्या तरी ओळखीनं कॉटबेसिस शोधत पुण्यात पहिलं वर्ष वाया घालवू नकोस.

पुण्यात गेलीस तर करंडकांशी, म्हणजे कॉलेजांमधल्या नाट्यस्पर्धांशी, गाठ पडेल. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था तो घेते आणि भरत नाट्य मंदिरात तेव्हा जो आवाज होतो तो तुला झाडीपट्टीची आठवण करून देईल. फिरोदिया करंडकात नाटकाबरोबर नाच, गाणं, चित्र असं सगळंच एका प्रयोगात येतं. या स्पर्धांनी कितीतरी नट, लेखक घडवले. पण पहिल्या वर्षी तुला बहुधा लेव्हल उचलाव्या लागतील. सीनियर मुलंच भूमिका वाटतात, आणि अकरा वर्षं स्टेजवर काढलेल्या मुलीला विंगेत उभं राहणं जड जाईल. राहा. त्या वर्षात प्रकाशयोजना शीक. पुण्यात लाइट करणाऱ्या मुली अजून कमी आहेत आणि ज्यांना ते येतं त्यांना काम मिळतं. कॉलेज निवडताना करंडक किती मिळाले याची फळी बघू नकोस. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक दिला नव्हता, कुणीही त्या पात्रतेचं नाही म्हणून. त्यावर खूप वाद झाला. मला त्या निर्णयात नव्या मुलांबद्दलची कळकळच दिसली. तू विचारायचं ते असं: गेल्या तीन वर्षांतल्या एकांकिका कुणी लिहिल्या, विद्यार्थ्यांनी की बाहेरून आणल्या? त्यात मुलींच्या भूमिका किती होत्या आणि त्या कसल्या होत्या? तालमीच्या दिवसांतली हजेरी कॉलेज देतं का?

तुझ्या बोलण्यावर लोक हसतील. 'पाणी'ला 'पानी' म्हणालीस की कुणीतरी तुला दुरुस्त करेल, कुणीतरी नक्कल करेल. प्रमाण मराठीचा ण शीक, नटाला दहा बोली यायला हव्यात आणि पुण्याची बोली त्यातली एक. पण झाडीबोली टाकू नकोस. मी माझी वऱ्हाडी दोन वर्षांत घासून पुसून टाकली होती. पुढे एका नाटकात वऱ्हाडी बाईचं काम आलं तेव्हा ती मला शिकल्यासारखी बोलावी लागली. समोर बसलेल्या माझ्या आईला ते कळलं. ती काही बोलली नाही, पण तिला कळलं.

एक गोष्ट आईसमोर बसून वाच. तालमी रात्री चालतात, दिग्दर्शक वयानं मोठे असतात, आणि 'नाटकात असं चालतंच' असं म्हणून काहीही खपवणारी माणसं प्रत्येक शहरात आहेत. एकटीला तालमीला बोलावलं तर जायचं नाही. भूमिकेसाठी घरी बोलावलं तर जायचं नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन नंबर पहिल्या आठवड्यात वहीत लिहून ठेव. लागणार नाही अशी आशा ठेव, पण लिहून ठेव.

राहिले बाबा.

तुझ्या पत्रातली सगळ्यात लहान ओळ त्यांच्याबद्दलची आहे आणि ती माझ्या मनातून जात नाही. बाकी घरांत वडील म्हणतात, नाटकात पोट भरत नाही. तुझे बाबा तसं म्हणू शकत नाहीत, कारण तुझं पोट थोडंफार नाटकावरच भरलं आहे. त्यांना नाटक ठाऊक आहे. नागपूरहून, पुण्याहून सीझनला येणाऱ्या नट्या त्यांनी बावीस वर्षं जवळून पाहिल्या आहेत. त्या कुठं झोपतात, पहाटे टेम्पोत कशा बसतात, त्यांच्या पाठीमागं मंडळी काय बोलतात, चाळिशीनंतर त्यांना कोण बोलावतं, हे सगळं त्यांना माहीत आहे. तुला 'जा' म्हणताना हे डोळ्यांसमोर येत असेल. 'नको जाऊ' म्हणायला तोंड नाही, कारण तुला सातव्या वर्षी स्टेजवर त्यांनीच उभं केलं. अशा माणसानं काय बोलावं?

त्यांना 'मी जाऊ का' असं विचारू नकोस. विचार की इतक्या वर्षांत तुम्ही पाहिलेली सगळ्यात चांगली नटी कोण, आणि तिचं पुढं काय झालं. मग मध्ये न बोलता ऐक. एका सीझनला किती नाटकं होतात, एका नाटकाचे किती मिळतात, उरलेले आठ महिने कसे निघतात, हा हिशेबही मांडायला सांग. तो हिशेब तुला कुठलंही कॉलेज शिकवणार नाही आणि नाटकात राहायचं असेल तर तो तुला अठराव्या वर्षीच पाठ हवा.

आणि धानाच्या रोवणीची घाई सुरू व्हायच्या आधी त्यांना घेऊन पुण्याला जा. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला जाते. जवळजवळ एक दिवस मोडतो, पण त्या प्रवासात बोलणं होईल. कॉलेज बघा, वसतिगृह बघा, रेक्टरना भेटा. संध्याकाळी भरतला किंवा सुदर्शनला जो काही प्रयोग असेल त्याची दोन तिकिटं काढ. प्रयोग संपला की रिक्षा करू नका. बाबांना बरोबर घेऊन तिथपासून वसतिगृहापर्यंत चालत जा आणि घड्याळ बघ. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, किती मिनिटं लागली, ते त्यांना बघू दे. फाटकाशी पोचाल तेव्हा ते उघडं आहे की बंद, ते मला कळव.

तुझी,
ताई